एक वीत, चार बोटं

आमच्या गाडीत स्टिअरिंगपासून स्टिरिओच्या आवाजाच्या चाकापर्यंतचं अंतर एक वीत आणि चार बोटं आहे. मी मोजलंय. एवढ्या लांब हात नेण्याचे कष्ट माणसाला पडू नयेत म्हणून गाडी बनवणाऱ्या दयाळू लोकांनी स्टिअरिंगवरच सहा बटणं दिली: आवाज वाढवा, आवाज कमी करा, पुढचं गाणं, मागचं गाणं, रेडिओ की पेनड्राइव्ह, आणि एकदम गप्प. या बटणांची अंगठ्याला एकदा सवय लागली की उरलेला हात कामातून जातो. लोक म्हणतात माणूस मोबाइलमुळे आळशी झाला. माझ्या बाबतीत ते काम त्याच्या किती तरी आधी उरकलं होतं.

मग जुना स्टिरिओ गेला. जाण्यापूर्वी त्याला सीडी आत घ्यायची आणि परत द्यायची नाही, असा विकार जडला होता. भीमसेन जोशींच्या अभंगांची एक सीडी पोटात घेऊनच त्यानं देह ठेवला, तेव्हा त्याला चांगली गती मिळाली असणार. नवा स्टिरिओ नाना पेठेत बसवून घेतला. बसवणारा मुलगा उत्साही होता.

"काका, आवाज बघा. बास बघा."

आवाज बघितला. बासही बघितला. मग सवयीनं अंगठा दाबला. काही झालं नाही. अजून जोरात दाबला.

"ती बटणं आता नाही चालणार, काका. त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर येतो."

"केवढ्याला?"

त्यानं आकडा सांगितला. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"एवढे? असतं काय त्याच्यात?"

"ते नाही माहीत. डबी येते. सील असतं."

सीलबंद डबी दिसली की पुण्याच्या माणसाला दोन प्रश्न पडतात: आत काय आहे, आणि हे घरी करता येईल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे डबी उघडायच्या आधीच ठरलेलं असतं. लहानपणी आमच्या आळीत एका गृहस्थांनी वॉशिंग मशीनच्या मोटारीवर उसाचा रस काढायचं यंत्र केलं होतं. रस उत्तम निघत असे. घरचे कपडे पुढे हातानं धुवावे लागले, पण त्याबद्दल आळीत कोणी वाईट बोललं नाही.

"अहो, हात पुढे करून फिरवा ना ते चाक," बायको म्हणाली. "चांगलं मोठं दिलंय. निळा दिवासुद्धा आहे त्याला."

"प्रश्न चाकाचा नाही, तत्त्वाचा आहे."

"कुठल्या तत्त्वाचा?"

हा प्रश्न पुण्यात विचारायचा नसतो. मी गाडी पुसायला खाली गेलो.

आता थोडं यंत्रशास्त्र. माझी भाबडी समजूत अशी होती की बटणं सहा म्हणजे तारा सहा. प्रत्यक्षात तारा दोनच. दोन तारांवरून सहा हुकूम जातात कसे, हे मला समजलं ते जुन्या वाड्यामुळे. वाड्याच्या दिंडीदरवाजाला घंटा एकच असायची आणि शेजारी पाटी: मालक – एकदा, माडीवरचे – दोनदा, मागचे बिऱ्हाड – तीनदा, इतरांनी हाक मारावी. दोरी एकच, पण ती कितीदा ओढली त्यावरून कोणी उठायचं ते ठरे. स्टिअरिंगच्या बटणांचा व्यवहार नेमका हाच. प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टन्स बसवलेला असतो. बटण दाबलं की तारेवरचं व्होल्टेज त्या हिशेबानं खाली येतं, आणि स्टिरिओ ते मोजून ओळखतो की 'आवाज वाढवा' म्हणताहेत. भानगड एवढीच की नव्या स्टिरिओची पाटी निराळी. आमचं स्टिअरिंग माडीवरच्यांसाठी घंटा वाजवणार आणि इथे उठणार मागचं बिऱ्हाड. तेव्हा मध्ये कोणी तरी बसायचं, इकडची घंटा मोजायची, आणि पलीकडे त्यांच्या पाटीप्रमाणे वाजवायची. बस, एवढंच त्या सीलबंद डबीचं काम! एवढ्या कामाला तेवढे पैसे? आमच्या वाड्यात हे काम मालकांची आई ओट्यावर बसून फुकट करायची.

हे सगळं मी शेजारच्या काकांना समजावून सांगितलं. काका पिंपरीच्या एका कारखान्यातून, मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ अर्थिंगमध्ये आहे, असं त्यांचं ठाम मत. गॅलरीतली तुळस वाळली तेव्हाही त्यांनी आधी कुंडीखाली वाकून बघितलं होतं. माझं बोलणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "करा. पण अर्थिंगकडे लक्ष ठेवा."

पहिलं काम म्हणजे कुठल्या बटणामागे किती ओम आहेत ते मोजणं. त्यासाठी स्टिअरिंग उघडावं, असा माझा बेत होता. पण स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या झाकणाखाली, एअरबॅग बसलेली असते. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारीत चालकापुरती ती सक्तीची झाली. आमची गाडी त्याच्या आधीची, पण तेव्हा हौसेनं वरचं मॉडेल घेतलं होतं, त्यामुळे हौस आता नाकासमोर उभी राहिली. ही पिशवी साधारण तीस मिलिसेकंदांत फुगते, म्हणजे पापणी लवायच्या आत. तिच्याजवळ काम करायचं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, काही मिनिटं थांबायचं, आणि पिवळ्या रंगाच्या कपलरला हात लावायचा नाही. ही माहिती मी घरात जरा कौतुकानं वाचून दाखवली.

"विम्याचे कागद कुठल्या खणात आहेत ते सांगून जा," बायको म्हणाली.

तेव्हा बेत बदलला. स्टिअरिंगमधल्या तारा एका पट्टीच्या गुंडाळीतून खाली येतात. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. तिच्यामुळे चाक दोन्हीकडे पूर्ण फिरवलं तरी तारा तुटत नाहीत. ही गुंडाळी जिथे संपते तिथला कपलर खालून, पायांच्या जागेतून, हाताला लागतो. म्हणजे तरण्याताठ्या, सडपातळ माणसाच्या हाताला लागतो. माझी रचना अशी झाली: डोकं ब्रेकच्या पॅडलखाली, पाठ दाराच्या उंबऱ्यावर, आणि पाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये. शेजारच्या सीटवर बायको बटणं दाबायला.

"दाबू?"

"दाब. आवाज वाढवायचं."

"दाबलं. काही वाढला नाही."

"वाढायचा नाहीये! बॅटरी काढलीय. तीनशे तीस आले."

"म्हणजे चांगलं का वाईट?"

एवढ्यात वॉचमननं माझे पाय बघितले. "साहेब, कोणाला बोलावू का?" तो पायांना म्हणाला. मी आतून 'नको' म्हणालो, ते त्याला बहुधा कण्हणं वाटलं असावं, कारण थोड्या वेळानं पायांची संख्या वाढत गेली. सोसायटीतली सगळी पादत्राणं मी त्या दिवशी जवळून पाहिली. एका चपलेनं सांगितलं की तिच्या साडूनं हे काम दोन मिनिटांत केलं होतं. एका बुटानं विचारलं की गाडी विकायची आहे का. काकांच्या कोल्हापुरी फक्त एवढंच म्हणाल्या, "मीटरची काळी वायर बॉडीला नीट टेकलीय ना?"

सामानासाठी तपकीर गल्ली. पुण्यात विजेवर चालणारी कुठलीही गोष्ट बुधवार पेठेतल्या या गल्लीत सुरू होते आणि बिघडली की इथेच परत येते. पूर्वी इथे गाडी घेऊन जाणं म्हणजे गाडी लावायला जागा शोधत शनिवारवाड्याला प्रदक्षिणा घालणं, आणि जागा मिळालीच तर परत येईपर्यंत गाडी पोलिसांच्या क्रेनवर. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून कसबा पेठ स्थानकावर उतरून चालत जाता येतं. गाडीचं सामान आणायला मेट्रोनं जाणारा मी एकटाच नसेन.

दुकान म्हणजे एक काउंटर आणि मागे छतापर्यंत लहान लहान खण. प्रत्येक खणावर पेननं लिहिलेला आकडा, दुकानदाराखेरीज कोणालाही न दिसणारा. मालक मोबाइलवर बोलत होते, दुसऱ्या हातानं कोणाला तरी वायर मोजून देत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

"रेझिस्टन्स हवेत. तीनशे तीस ओम."

"किती?"

"एक."

तेव्हा त्यांनी बघितलं. "पाव वॅट का अर्धा? कार्बन का मेटल फिल्म? पाच टक्के का एक टक्का?"

"स्टिअरिंगला लावायचाय."

"सुटा नाही देत, काका. शंभरचं पाकीट घ्या."

किमती सहा, म्हणून पाकिटं सहा. आता आमच्या घरी सहाशे रेझिस्टन्स आहेत. नातवंडांना मुंजीत काय द्यायचं हा प्रश्न सुटला. माझ्या मागे उभा असलेला एक विद्यार्थी आपुलकीनं म्हणाला, "काका, फायनल इयर का?" मी नुसतं हसलो. त्यानं बाजूच्या बोळातल्या एका जागेचा पत्ता दिला. तिथे म्हणे प्रोजेक्ट रिपोर्टसकट तयार मिळतं, छापील आभारप्रदर्शन आतच.

याशिवाय झिरो पीसीबीचा तुकडा, सोल्डरिंग आयर्न, डाख, काळ्या स्लीव्ह, आणि पीसी ८१७ नावाचे ऑप्टोकप्लर. ही वस्तू मला फार आवडली. चार पायांचा काळा चौकोनी ठिपका. आत एका बाजूला बारकासा दिवा, समोर त्याच्याकडे टक लावून बसलेला ट्रान्झिस्टर. दोघांत तारेचा काही संबंध नाही. यानं डोळा मारला की त्यानं पलीकडचा रेझिस्टन्स जोडायचा. सदाशिव पेठेतली किती तरी लग्नं या तत्त्वावर जमली असतील. आणि या सगळ्यांवर देखरेख करायला आर्डुइनो.

आर्डुइनो म्हणजे बोटभर लांबीचा निळा संगणक. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी तो बनवला आणि ही मंडळी गावातल्या ज्या बारमध्ये जमत त्याचं नाव त्याला दिलं. बारचं नाव हजार वर्षांपूर्वीच्या एका राजावरून होतं, हेही मी बायकोला सांगितलं, पण तिनं पहिला भागच लक्षात ठेवला.

या बोटभर वस्तूचं घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देतं. १९६९ साली अपोलो यानातून माणसं चंद्रावर उतरली, त्या यानाच्या संगणकाचं घड्याळ सेकंदाला साधारण वीस लाख ठोक्यांचं होतं. म्हणजे चंद्रावर जायला लागलं त्याच्या आठपट घाईनं हा चिमुकला जीव आमच्या गाडीत बसून एकच विचार करणार होता: दाबलं का? आता दाबलं का? आता? पाच व्होल्टचे तो शून्य ते एक हजार तेवीस असे भाग पाडतो आणि तारेवर किती आहे ते वाचतो. आवाज वाढवायचं बटण दाबलं की २५४. बाकीच्या बटणांचे आकडे मी फ्रिजवर लावले. फ्रिजवर आधी असलेला दूधवाल्याचा नंबर त्याखाली गेला, आणि त्या आठवड्यात दूधवाल्याला कोणी तरी २५४ लिटरचा हिशेब विचारला, असं तो अजून सांगतो.

जोडणीच्या रात्री वेगळीच अडचण आली. रेझिस्टन्सवर किंमत आकड्यात लिहिलेली नसते, रंगीत पट्ट्यांत असते. नारिंगी, नारिंगी, तपकिरी म्हणजे तीनशे तीस. तिसरी पट्टी लाल असली तर तीन हजार तीनशे. या पट्ट्या तांदळाच्या दाण्याएवढ्या दांडीवर ट्यूबच्या उजेडात चाळिशीतून बघायच्या. मला सगळेच रंग एका कुटुंबातले दिसायला लागले. सहाही पाकिटं टेबलावर एकत्र ओतलेली होती. कशासाठी, ते आता आठवत नाही.

"द्या इकडे," बायको म्हणाली. लक्ष्मी रस्त्यावर पदराला मॅचिंग ब्लाउजपीस शोधण्यात जिची हयात गेली, तिला रंग शिकवावे लागत नाहीत. तिनं एकेक दाणा उचलला. "केशरी, केशरी, विटकरी."

"विटकरी म्हणजे लाल का तपकिरी?"

"विटकरी म्हणजे विटकरी. हा बघा लाल, डाळिंबी आहे खरं तर. आणि हा मोरपंखी वाटतोय, पण हिरवाच आहे, पाकीट स्वस्तातलं असणार."

कॉलेजात आम्हाला हे रंग इंग्रजी वाक्यातून पाठ करायला लावले होते आणि परीक्षेनंतर लगेच विसरायलाही. तिनं सहाशेच्या सहाशे दाणे निवडून सहा वाट्यांत ठेवले. तांदूळ निवडताना बोलते तसं मध्येच, "एवढं कोणासाठी करतोय आपण?" असंही म्हणाली. एका वाटीत शेवटी काही दाणे उरले, त्यांना तिनं 'नाव नसलेले' म्हटलं. ते मी अजून मोजलेले नाहीत.

या सगळ्याला घर हवं होतं. बाजारात प्लॅस्टिकचे सुबक डबे मिळतात, पण स्वयंपाकघरात हिंगाची मोठी डबी नुकतीच संपली होती. ती धुतली, उन्हात वाळवली, बाजूला सोल्डरिंग आयर्नच्या टोकानं तारांपुरती भोकं पाडली, आणि डॅशबोर्डमागे बसवली. तारांची टोकं स्टिरिओच्या मागे हेडफोनसारखं जे भोक असतं त्यात गेली. किल्ली फिरवली. अंगठा दाबला. आवाज वाढला! पुन्हा दाबला, पुन्हा वाढला. मी तो इतका वाढवला की वरच्या मजल्यावरून गॅलरीची दारं लागल्याचे आवाज आले.

हिंग मात्र धुवून जात नाही. एप्रिलमध्ये डॅशबोर्ड तापायला लागला तसा गाडीत फोडणीचा वास सुटू लागला. पहिला पाहुणा म्हणाला, "काही जळतंय का?" दुसऱ्यानं विचारलं, "तुमच्याकडे आज वरण का?" माझी धाकटी मावशी कोथरूडपर्यंत गप्प बसली आणि उतरताना म्हणाली, "भूक लागली रे."

मग आम्ही नागपूरला लग्नाला गेलो, रेल्वेनं. परत आलो तर गाडी ढिम्म. स्टिरिओला दोन तारांतून वीज येते. पिवळी कायम चालू, लाल किल्लीबरोबर चालू. माझी डबी पिवळीवर जोडलेली होती, कारण पिवळी हाताला आधी लागली. त्यामुळे आम्ही पंगतीत जिलबी खात असताना पार्किंगमधल्या अंधारात तो निळा जीव रात्रंदिवस विचारत राहिला होता: दाबलं का? आता दाबलं का? बॅटरी मुळात म्हातारी, तिला हा प्रश्न सोसला नाही. सोसायटीच्या सभासदांनी गाडी ढकलली. सर्वसाधारण सभेला गणपूर्ती होत नाही, पण गाडी ढकलायला झाली. ढकलताना प्रत्येकानं एकेक सल्ला दिला, आणि ज्यांनी गाडीला हात लावला नाही त्यांनी दोन-दोन दिले. काका पुढे चालत होते. "अर्थिंग!" ते मागे वळून ओरडले.

पण खरी गंमत पुढेच. तार लालवर घेतली, गाडी रस्त्यावर काढली आणि सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लावल्या. पावसाळा तोंडावर आला की पुण्याचा माणूस या बातम्यांत एकच गोष्ट ऐकत असतो. निवेदिका सांगत होत्या, "खडकवासला धरणसाखळीतल्या चारही धरणांत मिळून आता..." समोर एक दुचाकी आडवी आली. मी हॉर्न वाजवला.

"...घडणावळीवर थेट पन्नास टक्के सूट!" गाडी म्हणाली.

मला वाटलं, धरणांवरही आता जाहिराती आल्या. पुन्हा हॉर्न दिला, तर पेनड्राइव्हवरचं अथर्वशीर्ष सुरू झालं. तिसऱ्यांदा दिला, पुन्हा बातम्या. तोवर धरणं होऊन गेली होती.

हॉर्नचा रिले सुटताना तारांत विजेचा एक झटका येतो. माझ्या डबीची तार हॉर्नच्या तारेला चिकटून गेलेली. त्या झटक्याला आर्डुइनो समजे की कोणी तरी 'रेडिओ की पेनड्राइव्ह' दाबलं. त्याचा काय दोष? इतके दिवस 'दाबलं का, दाबलं का' विचारणाऱ्याला शेवटी होकार ऐकू यायला लागणारच.

पुण्यात हॉर्न वाजल्यावर कोणी बाजूला होतं असं नाही. तो आपण रस्त्यावर आहोत हे स्वतःला कळावं म्हणून असतो. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी एक, झाल्यावर एक, आणि पुढचा हलला तरी एक. आमच्या गाडीत मात्र प्रत्येक वाजवण्याला आता परिणाम होता: एकदा वाजवला तर सोनं, दोनदा वाजवला तर गणपती, तीनदा वाजवला तर बातम्या. नळस्टॉपला एका सकाळी एका घाईच्या हॉर्नमुळे मी सोन्याच्या दुकानात अडकलो, आणि धरणं अगदी सुरू व्हायच्या बेतात होती. मी घाईघाईनं आणखी दोनदा हॉर्न दिला. पुढच्या रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं. तोवर मागचा एक जण वाजवायला लागला, म्हणून माझ्याकडून एक जास्तीचा गेला आणि पुन्हा सोनं. परत दोनदा.

रिक्षावाला उतरून आला. "काय प्रॉब्लेम आहे, काका? सिग्नल लाल आहे ना?"

"आहे. मी बातम्या लावतोय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, गाडीत डोकावून बायकोकडे बघितलं, वास घेतला आणि काही न बोलता परत गेला. सिग्नल सुटल्यावर त्यानं मला आधी जाऊ दिलं. पुण्यात रिक्षानं वाट दिल्याचा हा प्रसंग आमच्याकडे तारखेनिशी लिहून ठेवला आहे.

त्यानंतर मी हॉर्न न वाजवता गाडी चालवू लागलो. बायकोला ही व्यवस्था पसंत होती. "राहू दे ना असंच," ती म्हणाली. पण हॉर्न न वाजवणाऱ्या गाडीवर इतरांचा विश्वास बसत नाही. लोक शेजारी गाडी आणून काचेतून बघत, आजारी आहे का म्हणून.

शेवटी काकांना बोलावलं. ते टॉर्च घेऊन आले, गुडघ्यावर बसले, आणि डबीची काळी तार मी ज्या स्क्रूखाली दाबली होती तिथे बोट ठेवून बराच वेळ गप्प राहिले. स्क्रूखाली रंग होता. "रंगावर अर्थिंग?" ते हळूच म्हणाले. त्यांच्याकडून आणलेली शिडी मोडली तेव्हाही मी एवढा खजील झालो नव्हतो. त्यांनी पॉलिश पेपरनं रंग खरवडला, खाली चकचकीत पत्रा काढला, तार आवळली. तार हॉर्नपासून लांब नेली. वर मी १०४ नंबरचा कपॅसिटर लावला, आणि कोणतंही बटण सलग पन्नास मिलिसेकंद दाबलेलं दिसल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, असं आर्डुइनोला लिहून दिलं. कपॅसिटर रुपया-दोन रुपयांचा. मिळतो पाकिटात.

सगळं थांबलं. म्हणजे हॉर्न वाजू लागला आणि बातम्या चालू राहिल्या. नेमका कशामुळे गुण आला हे सांगता येणार नाही, पण सोसायटीत ते ठरलं आहे. काका आता जिन्यात कोणीही भेटलं तरी आधी थोडं थांबतात, समोरच्यानं विषय काढावा म्हणून.

जुलैत बटणांच्या आत दमट हवा गेली आणि २५४ चा आकडा २८७ झाला. त्याची तजवीज मी आकड्याला दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा देऊन केली. खर्चाचा हिशेब बायकोनं कालनिर्णयच्या मागे, 'दूध' आणि 'इस्त्री' यांच्या मध्ये 'बटणे' या सदराखाली ठेवला आहे. नाना पेठेतल्या सीलबंद डबीपेक्षा आपला अ‍ॅडॉप्टर किती महाग पडला? सोल्डरिंग आयर्नची किंमत धरली तर बराच. नाही धरली तरी बराच.

परवा सोसायटीचे चेअरमन आले. सोबत काका, म्हणजे शिफारस झालेली होती. चेअरमननी नवी गाडी घेतली आहे आणि मुलाच्या आग्रहावरून तिला बाहेरचा स्टिरिओ बसवला आहे. अंगठा दाबतात, काही होत नाही. मी जाऊन बघितली. त्या गाडीत रेझिस्टन्सचा कारभारच नाही. तिच्यात बॉश कंपनीनं १९८६ साली जगापुढे आणलेली कॅन बस आहे: पिळलेल्या दोन तारा, आणि त्यांच्यावर ब्रेक, इंजिन, दारं, काचा, बटणं सगळे एकाच वेळी बोलतात. दोघं एकदम बोलले तर ज्याचा क्रमांक लहान त्याचं आधी ऐकायचं, दुसऱ्यानं आपणहून गप्प बसायचं. हा नियम सगळे पाळतातही, यावरून ही व्यवस्था आपल्याकडची नव्हे हे उघड आहे. मला त्यातलं एक अक्षर येत नाही. माझे सहाशे रेझिस्टन्स तिथे शोभेचे.

"होईल का हो तुमच्याकडून?" चेअरमननी विचारलं.

मी काकांकडे बघितलं. काकांनी चेअरमनांच्या गाडीखाली बघितलं.

"न व्हायला काय झालं? दोनच तारा आहेत," मी म्हणालो. "रविवारी सकाळी गाडी खाली लावून ठेवा. जेवायच्या आत होऊन जाईल."

"कुठल्या रविवारी?" आतून बायकोनं विचारलं.